लेट म्हणजे परवानगी की आडकाठी? जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ कसा लावायचा

भारतीय पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते: पासपोर्टधारकाला मोकळेपणाने जाऊ द्यावं, लागेल ती मदत आणि संरक्षण द्यावं. तिच्या इंग्रजी मजकुरात 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' असे शब्द आहेत. शाळेत आपण 'लेट'चा अर्थ 'देणे, परवानगी देणे' असा पाठ केलेला. तो इथे बसवला तर 'परवानगीशिवाय किंवा अडथळ्याशिवाय जाऊ द्यावं' असं काहीतरी होतं आणि वाक्याचा अर्थच हरवतो. 'गारगोटीची एसटी लेट आहे' यातला लेट घेतला तरी भागत नाही. त्याच विनंतीच्या हिंदी मजकुरात मात्र सरळ 'बिना रोक-टोक' लिहिलेलं आहे. म्हणजे इथला लेट हा अडथळाच.

असे शब्द कोल्हापुरात बऱ्याच जणांच्या हाताखालून जातात. संस्थानकाळातला इंग्रजी पत्रव्यवहार वाचणारे अभ्यासक, १८८६ सालचं कोल्हापूरचं गॅझेटियर चाळणारे विद्यार्थी, वकिलांकडे जुन्या खतांचा मराठी तर्जुमा करून देणारे लोक, सगळ्यांची अडचण एकच. अनोळखी शब्दासाठी माणूस डिक्शनरी उघडतोच. ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दासाठी उघडत नाही, आणि चूक तिथे होते. खाली 'लेट' हाच शब्द धरून सगळी रीत सांगितली आहे. ती एकदा हातात बसली की बाकीच्या शब्दांना तशीच लावता येते.

जुनी म्हणजे किती जुनी

बोलताना आपण शेक्सपिअरच्या भाषेलाही 'जुनी इंग्रजी' म्हणतो. डिक्शनरीत मात्र हे नाव एका ठरावीक काळासाठी राखलेलं आहे. साधारण ४५० ते ११५० ही जुनी इंग्रजी, ११५० ते १५०० मधली इंग्रजी आणि १५०० नंतरची आधुनिक. त्यातही १७०० पर्यंतचा टप्पा वेगळा धरतात. शेक्सपिअर आणि १६११ चं इंग्रजी बायबल या शेवटच्या टप्प्यातले, म्हणून ते आज निदान अंदाजाने तरी वाचता येतात. खरी जुनी इंग्रजी आजच्या इंग्रजाला शिकल्याशिवाय वाचता येत नाही. ज्ञानेश्वरीची मराठी आपल्याला थोडी अडखळत का होईना कळते. तिथे तेवढंही कळत नाही.

हा फरक कामाचा आहे, कारण शब्द एका काळात जन्मतो आणि कागदावर दुसऱ्याच काळात भेटतो. पासपोर्टातला लेट मुळात जुन्या इंग्रजीतला, पण तो तुमच्या हातात आलाय आजच्या सरकारी कागदावर. त्यामुळे दोन तारखा वेगवेगळ्या लिहायची सवय लावा: कागदाची तारीख आणि शब्दाची तारीख. कागदाची तारीख कागदावरून मिळते. शब्दाची तारीख डिक्शनरीतून काढावी लागते.

आधी शब्द नीट उतरवून घ्या

एकटा शब्द वहीत लिहून घरी आणला तर त्याचा काही उपयोग नाही. पूर्ण वाक्य घ्या, शिवाय वरच्या दोन आणि खालच्या दोन ओळी. स्पेलिंग जसं आहे तसंच, चुकीचं वाटलं तरी सुधारू नका. बाजूला पान, कागदाचा प्रकार (पत्र, खत, निकाल, अहवाल) आणि साल लिहा. मोबाईलने फोटो काढत असाल तर पानाचा एक कोपरा आणि पानाचा क्रमांक फोटोत येऊ द्या. नंतर दहा फोटोंमधून कोणता कशाचा हे ओळखणं फार कटकटीचं होतं.

मग अक्षरं तपासा. १८०० च्या आसपासपर्यंतच्या छापील इंग्रजीत एस हे अक्षर दोन तऱ्हांनी येतं. शब्दाच्या शेवटी आजच्यासारखं, पण सुरुवातीला आणि मध्ये लांब, एफसारखं दिसणारं. फक्त त्याची आडवी रेघ अर्धवट असते किंवा नसतेच. स्कॅन केलेल्या पुस्तकांचा मजकूर कॉम्प्युटरने आपोआप ओळखलेला असतो, आणि तिथे हा लांब एस कधी एफ होतो तर कधी एल. त्यामुळे 'सेट'चं 'लेट' झालेलं सापडतं. शोधयंत्रात लेट टाकून निघालेल्या जुन्या उताऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका; मूळ पानाचं चित्र उघडून बघा. हाताने लिहिलेल्या पत्रांत हा लांब एस छपाईतून गेल्यावरही काही दशकं टिकला, मुख्यतः दोन एस लागोपाठ आले की त्यातल्या पहिल्या जागी.

दुसरं फसवं अक्षर 'थॉर्न'. 'थ'चा उच्चार दाखवणारं हे जुन्या इंग्रजीतलं अक्षर पुढे लिहिताना वाय-सारखं दिसू लागलं. इंग्लंडातल्या जुन्या धाटणीच्या दुकानपाट्यांवर 'ये ओल्ड' अशी जी सुरुवात असते, तिथलं पहिलं अक्षर वाय नाहीच. तो शब्द साधा 'द' आहे.

आता लेट

इंग्रजीत एल-ई-टी या तीन अक्षरांत दोन वेगळे शब्द राहतात. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ नव्हेत. मुळातच शब्द दोन.

पहिला जुन्या इंग्रजीतल्या 'लॅटन' या क्रियापदातून आला. त्यातला 'लॅ' दीर्घ. अर्थ सोडणे, राहू देणे, जाऊ देणे. आज रोज वापरतात तो हाच. घरावर 'टू लेट'ची पाटी लागते ती याचीच: मालक घर दुसऱ्याला राहायला सोडतो. जुन्या वैद्यकातलं 'ब्लडलेटिंग', म्हणजे शीर कापून रक्त काढणं, हेही यातूनच.

दुसरा 'लेट्टन' या क्रियापदातून आला. यात ट दोनदा, स्वर ऱ्हस्व. अर्थ अडवणे, खोळंबा करणे. त्याची घडण मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत 'लॅट' (इथे स्वर ऱ्हस्व) म्हणजे मंद, सावकाश, उशिराचा. त्यावरून जे क्रियापद बनलं त्याचा शब्दशः अर्थ 'उशीर करायला लावणे'. आपण गाडीला लेट म्हणतो तो एल-ए-टी-ई हा शब्द याच 'लॅट'चा आजचा चेहरा. म्हणजे देवनागरीत 'लेट' लिहिलं की तीन शब्द एका वेषात येतात: परवानगीचा, अडथळ्याचा आणि उशिराचा. त्यातले शेवटचे दोन एका घरातले आणि पहिला त्यांचा फार दूरचा नातलग. डोळ्यांना मात्र परवानगीचा आणि अडथळ्याचा हे दोघे जुळे वाटतात, कारण इंग्रजीत स्पेलिंग त्यांचं एक आहे.

दोन उलट अर्थांचे शब्द एका रूपात आल्यावर भाषेची अडचण झाली. अडवण्याचा लेट हळूहळू मागे पडला आणि त्याची जागा 'हिंडर', 'प्रिव्हेंट' अशा शब्दांनी घेतली. पण तो पुरता गेला नाही. ठरलेल्या जोडीत आणि खेळाच्या मैदानावर तो शिल्लक आहे. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून बरोबर चौकटीत पडला की 'लेट' पुकारतात आणि सर्व्हिस पुन्हा होते. चेंडूच्या वाटेत अडथळा आला, म्हणून ती खेळी धरायची नाही. टेबल टेनिसमध्येही तसंच. बॅडमिंटनमध्ये मात्र सर्व्हिस जाळीला घासून योग्य कोर्टात पडली तर ती चालते, लेट होत नाही. तिथे समोरचा तयार नसताना सर्व्हिस केली अशा वेगळ्या कारणांनी लेट देतात. 'नेट'चाच अपभ्रंश होऊन लेट झाला अशी समजूत मैदानावर पसरलेली आहे, ती सोडून द्या.

दोन्ही लेट शेजारी शेजारी बघायचे असतील तर १६११ च्या इंग्रजी बायबलातला निर्गम हा भाग उघडा, अध्याय ५. पहिल्या ओवीत मोशे आणि अहरोन मिसरच्या राजाला देवाचा निरोप सांगतात, 'माझ्या लोकांना जाऊ दे.' तिथे लेट आहे. चौथ्या ओवीत राजा उलट विचारतो, 'तुम्ही लोकांना त्यांच्या कामापासून का अडवता?' तिथेही लेट आहे! मध्ये फक्त दोन ओव्या. वाचणाऱ्याने कुठला लेट कुठला हे कसं ओळखायचं?

वाक्याच्या बांधणीवरून. पहिल्या ओवीत लेटनंतर 'माझे लोक' आणि लगेच नुसतं क्रियापद 'गो' आहे, मध्ये 'टू' नाही. परवानगीचा लेट असाच चालतो: लेट, मग माणूस, मग उघडं क्रियापद. चौथ्या ओवीत लेटनंतर 'लोक' आणि मग 'फ्रॉम' आणि 'काम' हे नाम. 'पासून' आला की तो अडवण्याचा. ही कसोटी बहुतेक ठिकाणी लागू पडते. आणखी दोन खुणा ध्यानात ठेवा. लेट हे नाम म्हणून आलं असेल ('अ लेट', 'एनी लेट', 'विदाउट लेट') तर जुन्या कागदात तो जवळजवळ नेहमी अडथळाच असतो. फक्त ब्रिटिश घरभाड्याच्या भाषेत 'शॉर्ट लेट' म्हणजे थोड्या मुदतीचं भाडं, तो अपवाद. दुसरी खूण, 'वॉज लेट' असं कर्मणी रूप येऊन त्यापुढे क्रियापदच नसेल तर 'अडवला गेला' हा अर्थ आधी तपासा. मात्र विषय घराचा किंवा जमिनीचा असेल तर 'भाड्याने दिलं' असाच अर्थ निघतो. विषय न बघता नुसत्या बांधणीवर निकाल दिला तर इथे ठेच लागते.

डिक्शनरी उघडल्यावर कुठे बघायचं

बऱ्याच जणांचं इथे चुकतं. मोठ्या इंग्रजी डिक्शनरीत मूळ शब्दाच्या खांद्यावर बारीक आकडा असतो, १, २ असा. आणि अर्थ सांगताना मजकुरात वेगळे आकडे येतात, १, २, ३ असे. खांद्यावरचा आकडा सांगतो की हे वेगळे शब्द आहेत. आतला आकडा सांगतो की हे एका शब्दाचे वेगळे अर्थ आहेत. लेटच्या दोन नोंदी वेगळ्या आहेत. पहिल्या नोंदीतले दहा अर्थ वाचून 'अडथळा कुठेच नाही' म्हणून पान मिटवलं तर दुसरी नोंद राहूनच जाते. त्यामुळे शब्द सापडल्यावर आधी खाली सरकत जा आणि तेच स्पेलिंग किती वेळा ठळक टायपात आलंय ते मोजा. नाम आणि क्रियापद यांच्याही नोंदी वेगळ्या असतात, तेही मोजा.

मग चौकोनी कंस वाचा. शब्दाची उत्पत्ती तिथे असते, आणि घाईत लोक नेमका तोच भाग सोडतात. 'ओ-ई' म्हणजे जुनी इंग्रजी, 'एम-ई' मधली इंग्रजी, 'ओ-एफ' जुनी फ्रेंच, 'ओ-एन' जुनी नॉर्स. शब्दाआधी फुली किंवा तारा असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेवरून बांधलेलं आहे. कट्यारीसारखं चिन्ह असेल तर तो अर्थ वापरातून गेला. 'ओ-बी-एस' म्हणजेही तेच, आणि 'ए-आर-सी-एच' म्हणजे जुन्या वळणाचा, अधूनमधून दिसणारा. दप्तरात मावणाऱ्या छोट्या डिक्शनऱ्या कट्यारवाले अर्थ जागेसाठी गाळतात, म्हणून या कामाला त्यांचा उपयोग नाही. फोनवरच्या भाषांतर यंत्राचंही तसंच. त्याला आजचा अर्थ ठाऊक, कागदाचं साल ठाऊक नाही.

सर्वांत भरवशाची ऑक्सफर्डची मोठी ऐतिहासिक डिक्शनरी. तिचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं झालं १९२८ साली. तिच्यात अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावलेले असतात आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे असतात. तुमच्या कागदाचं साल त्या उताऱ्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या सालांच्या मध्ये पडतं का ते बघा. पडत नसेल तर तो अर्थ घेण्याआधी थांबा. अठराव्या शतकातल्या लेखनासाठी सॅम्युएल जॉन्सनची १७५५ ची डिक्शनरी बघावी, तिच्यात अडवण्याचा लेट वेगळा दिलेला आहे. थेट जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा कोश, तोही इंटरनेटवर फुकट. तिथे 'लेट' टाइप करू नका. क्रियापदं 'अन'ने संपतात, म्हणून 'लेट्टन' असं पूर्ण रूप शोधा. 'लॅटन'मधलं ए आणि ई जोडलेलं अक्षर कळफलकावर नसतं, ते दुसऱ्या डिक्शनरीच्या कंसातून उचलून चिकटवा. स्वरावरची आडवी रेघ लावून सापडलं नाही तर रेघ काढून पुन्हा शोधा.

ही रेघ काय आहे ते कळलं की अर्ध्या गोंधळाचं मूळ कळतं. ती दीर्घ स्वराची खूण, आणि ती आजच्या संपादकांनी घातलेली आहे. त्या काळच्या हस्तलिखितांत ऱ्हस्व-दीर्घ सहसा दाखवलेलं नसतं. मोडी वाचणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मोडीतही इकार-उकाराचं ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत, त्यामुळे 'दिन' म्हणजे दिवस की 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा की 'सूत' म्हणजे धागा, हे पुढच्या-मागच्या शब्दांवरून ठरवावं लागतं. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वाचणाऱ्यांची जी सवय, तीच इथे कामाला येते.

ग्रंथालयात जायचं तर करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० पासूनचं, आणि शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. तिथे 'इंग्रजी डिक्शनरी द्या' असं न म्हणता 'इंग्रजीची ऐतिहासिक किंवा व्युत्पत्तीची डिक्शनरी' असं मागा. आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश आहे का तेही विचारा. मोल्सवर्थचं नाव घेतलं की सगळ्यांना त्याचा मराठी-इंग्रजी कोश आठवतो, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. पण त्याच्या उलट दिशेचाही कोश आहे. कंपनी सरकारच्या आणि संस्थानच्या काळातल्या इंग्रजीला त्याच काळची मराठी कोणती होती, ते तिथे दिसतं.

दिसायला सारखे, मुळात परके

लेटच्या शेजारी बसलेले आणखी काही शब्द बघून घ्या, कारण एकदा लेट सापडला की माणसाला तो जिथेतिथे दिसायला लागतो. 'आउटलेट' आणि 'इनलेट' यांत परवानगीचाच लेट आहे: पाणी बाहेर सोडायची वाट, आत घ्यायची वाट. पण 'बुकलेट', 'लीफलेट' यांतला लेट हा फ्रेंच वळणाचा लघुत्वाचा प्रत्यय, जसा आपल्याकडे 'पुस्तक'चं 'पुस्तिका' होतं. 'लेटर' लॅटिन शब्दातून आला, त्याचा कुठल्याच लेटशी संबंध नाही. भाडेपट्ट्याचा 'लीज' अर्थाने 'टू लेट'ला अगदी चिकटून बसतो, तरी तोही फ्रेंचमधून आलेला निराळा शब्द. 'लेट' आणि 'लास्ट' मात्र खरंच नातलग: उशिराचा, आणि सर्वांत उशिराचा.

वाटणीच्या दाव्यात 'मीट्स अँड बाउंड्स' ही जोडी हमखास येते. इथे एकाच उच्चाराचे चार शब्द भेटतात. भेटण्याचा 'मीट'. मोजून देण्याचा 'मीट', एम-ई-टी-ई, जुन्या इंग्रजीतला. खाण्याचा 'मीट', एम-ई-ए-टी. आणि वाटणीतला 'मीट', जो मोजण्याच्या मीटसारखाच लिहितात पण फ्रेंचमार्गे लॅटिन 'मेटा' म्हणजे सीमेची खूण यातून आलाय. जमिनीचा विषय असल्याने तर्जुमा करणारा 'मोजमाप व हद्दी' असं लिहून मोकळा होतो. वाटणीत मोजणी होतेच, म्हणून ते खपूनही जातं. मूळ जोडीत मात्र दोन्ही शब्दांचा अर्थ हद्दच आहे. मराठीत 'हद्दी कायम करून प्रत्यक्ष वाटप' असं लिहिलं की काम नीट होतं. आपल्या दाव्यांत 'सरस-निरस मानाने वाटप' असंही मागतात, पण त्यात जमिनीचा कस धरलेला असतो, ते 'मीट्स अँड बाउंड्स'चं भाषांतर नव्हे. त्या 'मानाने'तलं मान म्हणजे माप. आदराचं मान वेगळं, आणि ज्या मानेवर डोकं असतं ती संस्कृत 'मन्या'वरून आलेली, तिसरीच.

खाण्याच्या मीटबद्दल कोल्हापुरात जास्त सांभाळा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात हा शब्द वाचला की दुसरं काही मनात येणंच कठीण. जुन्या इंग्रजीत 'मेटे' म्हणजे कुठलंही अन्न. १६११ च्या बायबलात उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, एकोणतिसाव्या ओवीत, देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि झाडांची फळं 'मीट' म्हणून देतो. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवरचा 'स्वीटमीट' यातलाच, म्हणजे गोड खाणं. जुन्या मिशनच्या किंवा दुष्काळाच्या कागदात 'मीट अँड ड्रिंक' दिसलं तर अन्नपाणी लिहा, मटण लिहू नका.

'कॉर्न'ही तसाच. रंकाळ्यावर संध्याकाळी वाफवलेलं स्वीट कॉर्न खाणाऱ्याला कॉर्न म्हणजे मका हे सांगावं लागत नाही. पण तो अमेरिकेतला अर्थ. मूळ शब्दाचा अर्थ दाणा, धान्य. इंग्लंडात कॉर्न म्हटलं की बहुधा गहू, स्कॉटलंडात ओट. ब्रिटिश अंमलदाराने लिहिलेल्या अहवालात नुसतं कॉर्न असेल तर धान्य समजावं, मक्याला ते 'इंडियन कॉर्न' म्हणत. जुन्या भाडेपट्ट्यातलं 'पेपरकॉर्न रेंट' म्हणजे मिऱ्याच्या एका दाण्याएवढं भाडं, नाममात्र. आणि पायाला होतं ते कॉर्न, आपलं कुरूप? ते लॅटिन 'कॉर्नू' म्हणजे शिंग यातून, धान्याशी त्याचं काही नातं नाही.

'क्विक' म्हणजे जलद हे पुढचं. मुळात 'क्विक' म्हणजे जिवंत. पाऱ्याला 'क्विकसिल्व्हर' म्हणतात ते तो जिवंत असल्यासारखा पळतो म्हणून. नखाखालच्या हुळहुळत्या मांसालाही 'क्विक' म्हणतात. हा शब्द आणि आपला 'जीव' एकाच मूळ धातूतून निघालेले आहेत. दिसायला एक अक्षरही जुळत नाही, आणि नातं मात्र पक्कं. सारखं दिसण्यावर जाऊ नये ते याही बाजूने.

'विदाउट'चा जुना अर्थ 'बाहेर'. किल्ल्याच्या वर्णनात 'विदाउट द गेट' असेल तर 'दरवाजाबाहेर'. 'दरवाजाशिवाय' असं भाषांतर केलं तर किल्ल्याचा नकाशाच बिघडेल.

मराठीत उतरवताना

अर्थ ठरला की तो वाक्यात घालून दोनदा वाचा. एकदा ठरवलेल्या अर्थाने, एकदा मुद्दाम उलट अर्थाने. उलट अर्थानेही वाक्य तितकंच सुरळीत चाललं तर अजून पुरावा कमी आहे असं समजा आणि त्याच लेखकाच्या, त्याच काळाच्या दुसऱ्या वाक्यात तो शब्द शोधा. त्याच मजकुराचं जुनं मराठी किंवा हिंदी रूप मिळत असेल तर आधी ते बघा. पासपोर्टात उत्तर तिथेच छापलेलं होतं.

'लेट ऑर हिंडरन्स'सारख्या जोड्यांत दोन शब्दांचे दोन अर्थ काढायच्या भरीस पडू नका. अशा जोड्या जोर यावा आणि पळवाट राहू नये म्हणून केलेल्या असतात. बऱ्याचदा एक शब्द देशी आणि एक बाहेरून आलेला. 'विल अँड टेस्टमेंट'मधला विल देशी, टेस्टमेंट लॅटिन. आपल्याकडे 'धनदौलत', 'कागदपत्र', 'बाजारहाट' या जोड्या तशाच आहेत, संस्कृत-मराठी एक आणि फारसी-अरबी एक.

खतात लेट आला तर मराठी खतांच्या भाषेतला तयार शब्द आहे: हिलाहरकत. 'कोणाचीही हिलाहरकत न होता' असं आपल्या जुन्या दस्तांत येतं. यातला 'हिला' अरबीतून आलेला, सबब, अडथळा या अर्थाचा. एकटा हिला आज कोणी वापरत नाही, तो फक्त हरकतीच्या सोबतीने जिवंत आहे, जसा लेट हिंडरन्सच्या सोबतीने. आणि फसवणूकही अगदी तशीच: 'हिला सांग, तिला सांग' यातला 'हिला' त्याच अक्षरांत लिहिला जातो. दस्त टाइप करताना 'हिला हरकत' असं तोडून लिहिलं तर वाचणाऱ्याला खतातल्या कुठल्यातरी बाईची हरकत आहे असं वाटू शकतं. म्हणून तो जोडूनच लिहा. खताबाहेरच्या साध्या मजकुरात 'रोकटोक' किंवा 'आडकाठी' पुरे.

देवनागरीत मूळ शब्द ठेवायचाच असेल तर नुसतं 'लेट' लिहून सोडू नका, वाचणारा उशीरच समजेल. पहिल्या वेळी स्पेलिंग अक्षरं सांगून द्या आणि लगेच अर्थ जोडा: 'एल-ई-टी, अडथळा या जुन्या अर्थाने'. तळटीप घातली तर तिच्यात कागदाचं साल, वाक्यातली खूण (नाम आहे, किंवा पुढे 'फ्रॉम' आहे) आणि कोणत्या डिक्शनरीतली कितवी नोंद घेतली तिचा खांद्यावरचा आकडा लिहा. पुढे कोणी शंका काढली तर तो त्या नोंदीपर्यंत थेट जाऊ शकतो, पुन्हा पहिल्यापासून शोधायची वेळ येत नाही.